फळ्यावरचे चार आकडे

लोकांना फुकट इंटरनेट द्यायचं आणि ते दिल्याबद्दल आपण पगार घ्यायचा, अशी नोकरी असू शकते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "फुकट मिळतंय तर लोक आपणहून येतील की घ्यायला. तू कशाला उन्हातान्हाची दारोदार फिरतेस?" असं त्या विचारायच्या. प्रश्न रास्त होता. सात वर्षं तेच काम करूनही त्याचं नीट उत्तर मला देता आलं नाही, म्हणून आता लिहून बघते.

त्याआधी पंचवीस वर्षं मी टेलिफोन खात्यात होते. लोकांचे बंद पडलेले फोन चालू करायचे, हे काम. आमच्या गिरगावातल्या घरात तीन पिढ्या कारकुनीच्या. खांद्याला अवजारांची पिशवी लावून लोकांच्या जिन्याखाली वायरी तपासत बसणारी मी पहिलीच. "मुलगी टेलिफोनमध्ये असते," असं आई नातेवाइकांना सांगायची. ऐकणाऱ्याला मी ऑपरेटर वाटायची आणि आई काही खुलासा करायची नाही. पुढे लोकांचे घरचे फोनच गेले. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, प्रभादेवीच्या घरी दोन महिने बसले आणि मिस्टरांशी रोज भांडायला लागले. तेव्हा त्यांनीच ओळखीच्या एका संस्थेत माझं नाव दिलं.

काम असं होतं. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करावा लागतो. अशा एका कंपनीने ठरवलं होतं, की शहरातल्या ज्या वस्त्यांत इंटरनेट धड पोचत नाही तिथे सार्वजनिक वाय-फाय बसवून द्यायचं. अनुदान कंपनीचं, परवानगी पालिकेची आणि शिडीवर आम्ही. कंपनीला फोटो हवा असतो, पालिकेला फाइल हवी असते आणि लोकांना रेंज. तिघांचंही एकाच दिवशी समाधान झालेलं मी काही पाहिलं नाही.

बसवायची वस्तू म्हणाल तर पोळ्यांच्या डब्याएवढा एक पांढरा डबा. तो भिंतीवर ठोकायचा, त्याला वीज द्यायची, इंटरनेट द्यायचं, बास. पण डबा एकदा लोकांत गेला की तो आपला राहत नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरात आम्ही एका घरावरून दुसऱ्या घरावर वायर ओढली आणि आठ दिवसांनी बघायला गेलो तर वायरभर बोंबील वाळत घातलेले. मी म्हटलं, "मावशी, ही इंटरनेटची वायर आहे." मावशी म्हणाल्या, "मंग? बोंबील काय वायर खातान?" आम्ही वायर भिंतीवरून फिरवून नेली, तेव्हा मावशींना खरोखर वाईट वाटलं. भायखळ्याच्या भाजीबाजारात तर एक व्यापारी रोज सकाळी मेथी-कोथिंबिरीवर पाणी मारता मारता आमच्या डब्यावरही मारायचा. एका महिन्यात दोन डबे गेले. विचारलं तर म्हणाला, धूळ बसते हो त्याच्यावर.

अशा गोष्टी सांगायला मला आवडतात, कारण त्यांत माझी चूक नाही. जी सांगायला बसले आहे तिच्यात आहे.

लालबागला मिरची गल्लीच्या मागे आनंदीबाई चाळ म्हणून तीन मजली चाळ आहे. तिच्या तीन बाजूंना उंच इमारतींचे टॉवर उठले आणि चाळीतली मोबाइलची रेंज मेली. फोन करायचा तर उठून रस्त्यावर दूध केंद्रापर्यंत जायचं. आम्ही त्याच टॉवरपैकी एकाच्या गच्चीवर अँटेनाची जाळीदार थाळी बसवली, तिच्यासमोर चाळीच्या पत्र्यावर दुसरी बसवली आणि इंटरनेट खाली उतरवलं. ज्याने रेंज खाल्ली त्याच्याच डोक्यावरून ती परत आणली, याचा मला फार आनंद झाला होता.

उद्घाटन झालं, पेढे झाले, फोटो झाले. मग मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की आपला मोबाइल नंबर एकदा नोंदवायचा, मग रोज सकाळी सातला त्यावर चार आकडी कोड येईल, तो टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत इंटरनेट चालू. चाळ कमिटीचे सेक्रेटरी तावडे पुढेच बसले होते. सत्तरीचे, गिरणीतून घरी बसलेले, हातात बटणांचा फोन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, पण कोड येतलो खंय? रेंज असती तर तुमका कित्याक बोलावला असता?"

सगळी चाळ हसली. मीही हसले. रेंज नाही म्हणून वाय-फाय, आणि वाय-फाय चालू करायला रेंज हवी, हे कंपनीच्या, पालिकेच्या आणि आमच्या मिळून एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तोडगा चाळीनेच काढला. तावडे रोज सकाळी सातला दूध आणायला रस्त्यावर जात. तिथे त्यांच्या बटणांच्या फोनवर कोड येई. तो पेनाने तळहातावर लिहून ते परत येत आणि जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहीत. पाणी किती वाजता येणार, कोणाकडे दहावं-तेरावं आहे, सभा कधी, हे ज्या फळ्यावर लिहायचं त्याच फळ्यावर आता रोजचे चार आकडे. येता-जाता ज्याने त्याने बघायचे, तावड्यांचा नंबर घालायचा आणि आपला फोन जोडायचा. चाळीत पेपर एक यायचा आणि दहा घरं फिरायचा, नळ एक आणि त्याच्यावर मजलाभर हंडे. त्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही. मलाही नाही. एका नंबरवर किती फोन चालावेत हा आमच्या फॉर्ममधला रकाना मी रिकामा सोडला होता, आणि रिकामा याचा अर्थ यंत्राने 'कितीही' असा घेतला होता.

या फळ्याकडे सगळ्यांत आधी कोण यायचं, तर वासंती. वासंती पन्नाशीची, ठेंगणी, जन्मापासून ऐकू न येणारी. मिरची गल्लीतल्या एका दुकानात मिरच्यांचे देठ खुडायचं काम करायची. तिचा धाकटा भाऊ दिगंबर, तोही तसाच. दोघं लहानपणी मुंबईतल्या मूकबधिरांच्या शाळेत एका बाकावर शिकलेली. पुढे दिगंबर कणकवलीकडे गावी गेला, रंगकाम करू लागला, त्याचं लग्न झालं. वासंती इथेच सतरा नंबरच्या खोलीत एकटी राहिली. लिहायला तिला जेमतेम येई. दोघांची भेट वर्षातून एकदा, गणपतीला.

दिगंबरने तिला एक जुना टॅब पाठवला होता. त्यात सिमकार्ड घालायची सोयच नव्हती. वाय-फाय आलं आणि त्या टॅबला जीव आला. संध्याकाळी कामावरून आली की वासंती गॅलरीत बसायची, टॅब मिठाच्या बरणीला टेकवून उभा करायची, कारण तिला बोलायला दोन्ही हात मोकळे लागत. पलीकडे दिगंबर. मी एकदा उभी राहून बघितलं. हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. मध्येच ती इतकी हसली की बरणी पडली. शेजारच्या तावडेकाकू म्हणाल्या, "आमच्याशी ती नुसत्या खुणा करते हो. बोलते ती त्याच्याशीच." तीस वर्षं त्या तिच्या शेजारी राहतात. त्यांना हे वाय-फाय आल्यावर कळलं.

वर्ष सरलं आणि अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही याचा आढावा निघाला. कंपनीतर्फे सौरभ नावाचा तरुण अधिकारी हे बघायचा. स्वभावाने चांगला, हुशार. त्याने मला बोलावलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक ठिकाणासमोर वापरणाऱ्यांचा आकडा. कुठे दोनशे, कुठे तीनशे. आनंदीबाई चाळीसमोर एक.

"मॅडम, हे तावडे कोण आहेत?" सौरभने विचारलं. "पूरी बिल्डिंगमध्ये एकच यूजर. और ये आदमी चौबीस घंटे व्हिडिओ बघतो. एका वेळी चाळीस-चाळीस. काही धंदा-बिंधा तर नाही ना?"

दुसऱ्या दिवशी तो खात्री करायला चाळीत आला. तावड्यांनी सदरा घालून, पाट मांडून त्याला चहा दिला. चोवीस तास व्हिडिओ बघणाऱ्या माणसाचा बटणांचा फोन बघून सौरभ गारच पडला. मग मी त्याला फळा दाखवला. त्याला इतकी मजा वाटली की त्याने फळ्याचे चार फोटो काढले. "ग्रेट आहे हे!" म्हणाला. मग फोन खिशात ठेवून म्हणाला, "पण मॅडम, वरती मी काय दाखवू? एक नंबर म्हणजे एक माणूस. एका माणसासाठी आम्ही इथे पैसे घालू शकत नाही. सिस्टिममध्ये हे मिसयूज म्हणून लागलंय. ही जागा बंद होणार."

त्या वेळी मला म्हणता आलं असतं, की अरे बाबा, नंबर कसले मोजतोस, माणसं मोज. मी बाहेर गॅलरीत उभी करते सगळ्यांना, तू मोज. नियम चुकला असेल तर नियम बदला. पंचवीस वर्षं खात्यात साहेबांशी भांडलेली बाई मी, पण तेव्हा मी तोंड उघडलं नाही. रिकामा सोडलेला रकाना माझा होता, तो उघडा पडू नये एवढंच मनात होतं. मी म्हटलं, "एक महिना द्या. आकडा वाढवून देते."

आणि दिला. रकाना भरला: एका नंबरवर एकच फोन. तावड्यांचा नंबर यंत्राने कायमचा बाद केला. मी घरोघर बसून प्रत्येकाचा आपापला नंबर नोंदवून घेतला. आता सकाळी सातला दूध केंद्रासमोर अर्धी चाळ हातात फोन धरून कोडाची वाट बघू लागली. दूधवाला म्हणाला, एवढं गिऱ्हाईक मला दूध घ्यायला कधी आलं नाही. महिनाअखेरीला आकडा शंभराच्या वर गेला, अनुदान चालू राहिलं, आमच्या वार्षिक अहवालात आनंदीबाई चाळीचा फोटो पानभर छापून आला. संस्थेत माझं कौतुक झालं. मी ते ऐकून घेतलं.

दीड महिन्याने मी मिरची गल्लीत गेले. वर्षाचा मसाला तिथूनच करून घेते. दुकानात पोत्यांमागे वासंती देठ खुडत बसली होती. एरवी मला बघून ती दोन्ही हात वर करायची. या वेळी तिने बघितलं आणि मान खाली घातली. मी जवळ जाऊन बसले. तिने कपाळावर डाव्या भुवईपाशी बोट ओढलं. तिथे दिगंबरला लहानपणची खोक आहे, ही त्याची खूण, एवढं मला ठाऊक होतं. मग तिने टॅबसारखा तळवा समोर उभा धरला आणि तो पालथा पाडला. पुन्हा मिरच्या खुडायला लागली.

मला दुभाष्या लागला नाही. टॅबला नंबर नाही, आणि नंबर नाही त्याला कोड नाही. फळ्यावरचे आकडे मी पुसले होते. शंभर माणसं आत घेताना एकटी वासंती मी बाहेर ठेवली होती, आणि चाळीत सगळ्यांत जास्त गरज होती ती तिलाच. शेजारी आपला फोन बंद ठेवून तिला कोड द्यायला तयार होते, पण तसं मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मसाला सांगायचं विसरून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सिमकार्डाच्या दुकानात गेले. स्वस्तातला फोन घेऊन देऊ, नंबर तिच्या नावावर होईल, प्रश्न मिटेल असा हिशोब. दुकानदाराने अंगठा ठेवायला सांगितला. यंत्र म्हणालं, नाही. बोटं पुसली, तेल लावलं, दुसरा हात लावला, दहाही बोटं झाली. तीस वर्षं मिरच्यांचे देठ खुडून तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. दुकानदार वैतागून मला म्हणाला, "मॅडम, यांची बोटं चालत नाहीत." वासंतीने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे बघितलं आणि ती पदरात गुंडाळून घेतली.

त्या दिवशी मी आनंदीबाई चाळीत, खोली नंबर सतरामध्ये राहायला गेले. म्हणजे कागदावर. रहिवासी म्हणून माझं नाव, माझा नंबर. संस्थेच्या माणसाने असं करायचं नाही असा स्पष्ट नियम होता. सबंध नोकरीत मी केलेली ही एकच खोटी नोंद. रोज सकाळी सातला प्रभादेवीत माझ्या फोनवर कोड येई. मी लगेच तावड्यांना फोन लावी. ते दूध केंद्रावर उभेच असत. आकडे तळहातावर घेत आणि जाऊन फळ्यावर लिहीत. आता ते आकडे एकटीसाठीच होते, पण लिहायचे मात्र फळ्यावरच. वासंती खाली उतरली की आधी तिथे बघायची.

पुढे मला कोणीतरी म्हणालं, अहो, तुमच्या नावावर दुसरं सिम घेऊन तिला द्यायचं होतं, रोजची कटकट कशाला? खरं होतं. मला ते सुचलंच नव्हतं. आणि सुचलं तेव्हा सात वाजताचा तो फोन आम्हा तिघांच्याही अंगवळणी पडला होता. तावडे आकडे लिहून घेत आणि वर चाळीतली एखादी बातमी देत. ते मी सोडायला तयार नव्हते.

निवृत्त होताना सगळ्या याद्या नव्या मुलीकडे सोपवल्या. ती चलाख. म्हणाली, "शुभदाताई, खोली सतरामधल्या या बाई रोज संध्याकाळी दोन-दोन तास व्हिडिओ कॉलवर असतात. नाव आणि नंबर तुमचाच दिसतोय." मी चष्मा पुसायला घेतला. तिने माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. शहाणी मुलगी.

यंदा माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठवडाभर फोनकडे बघायचं नाही असं सांगितल्यावर मिस्टरांनी तो बंद करून कपाटातच टाकला. ऑपरेशनच्या धास्तीत तावड्यांना कळवायचं मी साफ विसरले. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात तावडे आणि त्यांच्या मागे वासंती. दरवर्षी मसाला पोचवायला तावडे येत, म्हणून घर माहीत.

"काय गो बाय," तावडे दारातूनच ओरडले, "तीन दिवस फोन नाय! फोन लावतंय तर बंद! हिना दोन दिवस जेवाण घेतला नाय. आज माका ओढीतच आणल्यान."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस तिचं भावाशी बोलणं नाही, माझ्यामुळे, दुसऱ्यांदा. मी काळा चष्मा सावरत कपाटाकडे धावले, दार उघडलं आणि फोन चाचपडू लागले. वासंती मागून आली. तिने माझा हात बाहेर काढला आणि कपाटाचं दार लावून टाकलं. मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, चष्म्याच्या आत बघितलं, एक डोळा, दुसरा डोळा, आणि दंडावर एक चापट मारली. चांगली लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कोडासाठी आली नव्हती. फळ्यावर आकडे आले नाहीत म्हणजे मी बरी नाही, एवढंच तिने वाचलं होतं.

मिस्टरांनी चहा टाकला. आमच्या घरच्या वाय-फायला कसला कोड लागत नाही. वासंतीने पिशवीतून टॅब काढला, साखरेच्या डब्याला टेकवला आणि दिगंबरला फोन लावला. तो कुठल्याशा भिंतीसमोर उभा होता, कोपरापर्यंत निळा रंग. तीन दिवसांनी बहीण दिसली म्हणून त्याने आधी तिला खूप झापलं, ते मला हातांवरूनही कळलं. मग तिने टॅब माझ्याकडे वळवला. दिगंबरने माझ्याकडे, काळ्या चष्म्याकडे निरखून बघितलं. मग एक निळं बोट वर उचलून त्याने हवेत, एकापुढे एक, चार आकडे लिहिले आणि हात जोडले.

मी तावड्यांकडे बघितलं. "काय म्हणतो?"

"ता तुझा नाव," तावडे म्हणाले. "तोंडान नाव घेऊक येना नाय ना त्यांका, म्हणान माणसाक खूण ठेवतत. तुझी ही ठेवली हा. लय दिवस झाले."

डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं. मिस्टर औषधाची बाटली घेऊन धावत आले.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनीच फोन चालू केला, आकडे मला वाचून दाखवले आणि नंबर लावून माझ्या कानाशी धरला. तावडे दूध केंद्रावर उभेच होते. मी म्हटलं, "घ्या लिहून."

कंपनीच्या यादीत मी अजून आनंदीबाई चाळीत, खोली नंबर सतरामध्येच राहते. पत्ता बदलायचा माझा विचार नाही.